मुळावर उठलंय कोण?

सांगोला, आटपाडी, मंगळवेढा, जत. या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत किती डाळिंबाच्या बागा निघाल्या, हे इथल्या माणसाला आकडे देऊन सांगायची गरज नाही. जेसीबीने उपटलेली झाडं बांधावर पडलेली सगळ्यांनीच बघितलीत. कारण विचारलं की कुणी म्हणतं मर आली, कुणी म्हणतं तेल्या, कुणी पिन होल बोररचं नाव घेतं, अन् शेवटी सगळे मिळून नशिबाला बोल लावतात.

पण उपटलेल्या झाडाची मुळी हातात घेऊन किती जणांनी बघितली?

एकदा बघा. बऱ्याच बागांत पांढऱ्या मुळीवर मणी ओवल्यासारख्या गाठी दिसतील. हरभऱ्याच्या किंवा भुईमुगाच्या मुळीवर असतात त्या गाठी वेगळ्या. त्या नत्राच्या, नखाने सहज सुटतात, त्या आपल्या कामाच्या. डाळिंबाच्या मुळीवरची गाठ सुटत नाही, कारण ती मुळीच सुजलेली असते. आत सूत्रकृमी बसलेला असतो, ज्याला आपण निमॅटोड म्हणतो. डोळ्याला न दिसणारं पिल्लू मुळीच्या टोकाजवळून आत शिरतं, एका जागी ठाण मांडतं आणि झाडाच्याच पेशी फुगवून त्यांतून अन्न ओढत राहतं. एक मादी एका पुंजक्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. माती गरम असली की महिन्याभरात पुढची पिढी तयार. आपल्याकडे माती गरम नसते असे महिने किती, ते तुम्हीच मोजा.

वरून काय दिसतं? पानं पिवळी, फूट कमी, फळ बारीक, ताणानंतर झाड उठत नाही. म्हणजे हुबेहूब खत कमी पडल्यासारखं. मग आपण काय करतो? खत वाढवतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मुळीलाच पाणी ओढता येत नाही, आणि आपण तिच्यापुढे पंचपक्वान्नाचं ताट वाढून ठेवतो. वर सूत्रकृमीने केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते ती वेगळीच. झाड वाळल्यावर पंचनामा होतो मरीचा. दार उघडून देणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नसतं.

ही पोस्ट त्या दाराच्या राखणदाराबद्दल आहे. हा राखणदार आपल्याच मातीत होता. त्याला आपण मारला, आणि आता त्याच्या नावाने मेलेली पावडर विकत घेतोय.

राखणदार म्हणजे मातीतली मित्रबुरशी. बुरशी म्हटलं की आपल्याला भाकरीवरची किंवा द्राक्षावरची आठवते आणि हात आपोआप बुरशीनाशकाच्या डब्याकडे जातो. पण मातीतल्या बुरशीत चोर आहेत तसे पोलीसही आहेत. त्यातल्या तिघांची कामं नीट समजून घ्या, कारण यांच्याच नावाने बाजार भरलाय.

पहिली मायकोरायझा. ही मुळीच्या आत राहते आणि तिचे धागे मुळीपासून लांब मातीत पसरतात. जिथं मुळी पोचत नाही तिथून स्फुरद आणून देते, बदल्यात झाड तिला साखर देतं. हा व्यवहार आजचा नाही, चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ही बुरशी सापडलीय. तिने मुळीतली जागा आधी धरली की सूत्रकृमीला जागा आणि अन्न दोन्ही कमी पडतं. पण खरी गंमत पुढे आहे. बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये केळीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच झाडाच्या मुळ्या दोन भागांत वाटल्या. एका बाजूला मायकोरायझा दिली, दुसऱ्या बाजूला नाही. जिथं बुरशी नव्हती, त्या बाजूलाही सूत्रकृमी कमी वाढले. म्हणजे बुरशी नुसती जागा अडवून बसत नाही, अख्ख्या झाडाला सावध करते. गावात एका वस्तीवर चोर आल्याची हाळी उठली की पलीकडच्या वस्तीवरची माणसंही काठ्या घेऊन बाहेर येतात, तसं.

दुसरी ट्रायकोडर्मा. मुळीभोवती राहते, रोगाच्या बुरशांना गुंडाळून खाते, हे आपण ऐकलेलं असतं. तिच्यामुळेही झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते आणि सूत्रकृमीला मुळीत शिरून वाढणं अवघड जातं, हे टोमॅटोवर दिसून आलंय. ती थेट सूत्रकृमीच्या अंड्यांवरही जगू शकते.

तिसरी पॅसिलोमायसिस. आता शास्त्रज्ञांनी तिचं नाव बदललंय, पण दुकानात हेच चालतं. ही थेट अंडी खाणारी. १९७९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात बटाट्यावरच्या सूत्रकृमीच्या अंड्यांत ती सापडली, आणि तेव्हापासून जगभर वापरात आहे.

ऊसवाल्यांनी हे फक्त डाळिंबाचं म्हणून पुढे जाऊ नये. तुमच्या बुडख्यात बसलेल्या हुमणीवर मेटारायझियम हेच काम करते. अळीच्या कातडीला चिकटते, भोक पाडून आत जाते, अळी मरते आणि तिच्या अंगावर हिरवी भुकटी दिसते. एवढंच नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की ही बुरशी मारलेल्या किड्यातला नत्र स्वतःच्या धाग्यांतून झाडाच्या मुळीला नेऊन देते. चोराला पकडलं आणि त्याच्याकडचा माल घरमालकाला परत दिला. असा पोलीस कुठल्या ठाण्यात बघितलाय का?

आता आपल्या करणीकडे येऊ.

मायकोरायझा आणि झाड यांचं नातं गरजेचं आहे. झाडाला स्फुरद कमी पडतं म्हणून ते बुरशीला पोसतं. मातीत आयता स्फुरद भरपूर असला की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं, आणि ती मुळीत फारशी वाढत नाही. आपण काय करतो? दर बहाराला १८:४६ ची पोती. त्यात ४६ टक्के स्फुरद. पुन्हा ड्रिपमधून विद्राव्य खतांत आणखी स्फुरद. माती परीक्षणाचा कागद सांगतो की स्फुरद भरपूर आहे, तरी पोतं पडतंच, कारण शेजाऱ्याने टाकलंय.

आणि आता ऐका खरी थट्टा. हंगामात खताची टंचाई झाली की १८:४६ च्या पोत्याबरोबर काय गळ्यात मारतात? "एवढी मायकोरायझाची बॅग घ्यावी लागेल, वरूनच लिंकिंग आहे." म्हणजे ज्या पोत्याने ती बुरशी उपाशी राहणार, त्याच पोत्याला बांधून ती विकायची. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि दाराला कुलूप घालून गावाला जायचं! लिंकिंग बेकायदा आहे, हे प्रत्येक खरिपात कृषिमंत्री सांगतात, अधिकारी सांगतात, पेपरात छापून येतं. आणि प्रत्येक खरिपात शेतकरी ती बॅग घरी आणतो. दुकानदाराला धरून उपयोग नाही, त्यालाही वरून तसाच माल घ्यावा लागतो. शेतकऱ्याच्या मुळावर उठलेली साखळी दुकानाच्या बरीच वर सुरू होते.

दुसरी करणी, आळवणी. झाड सुकायला लागलं की कार्बेन्डाझिमची आळवणी, त्यानंतर आणखी एक बुरशीनाशक, सोबत क्लोरपायरीफॉस. काही ठिकाणी गरज असते, नाकारत नाही. पण बुरशीनाशकाला शत्रू-मित्र कळत नाही. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं, ही काही गुप्त माहिती नाही, कृषी पदविकेच्या पोरालाही ठाऊक असते. तरी एकाच बिलावर सोमवारी कार्बेन्डाझिम आणि गुरुवारी ट्रायकोडर्मा लिहून दिलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. हे अज्ञान म्हणायचं की धंदा, तुम्ही ठरवा.

फोरेट आठवतंय? सूत्रकृमी असो की हुमणी, मूठभर फोरेट टाकायचं आणि वासाने डोकं धरायचं. २०१८ मध्ये केंद्राने आदेश काढला आणि २०२० च्या डिसेंबरअखेर ते बंद झालं. चांगलं झालं. पण बंद करताना त्या जागी काय, हे शेतकऱ्याला कुणी शिकवलं? जागा मोकळी झाली आणि तिथं नवी महाग औषधं आली, आणि त्यांच्या बाजूला रंगीत बाटल्यांतली "जैविक" औषधं. मोकळ्या रानात जे आधी येतं ते तण असतं.

त्या बाजाराचं माप हवंय? जैवउत्तेजकं, म्हणजे बायोस्टिम्युलंट, २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आणली गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच सांगितलं की एकेकाळी अशी सुमारे ३० हजार उत्पादनं बिनतपासणी विकली जात होती, मधल्या चार वर्षांत आठ हजारांच्या आसपास, आणि कडक तपासणीनंतर उरली साधारण साडेसहाशे. बाकीच्यांचे पैसे कुणी भरले? परत कुणाला मिळाले?

मित्रबुरशी आणि जैवउत्तेजकं एक नव्हेत, हे मला कळतं. पण कपाट तेच आहे, विकणारा तोच आहे आणि घेणाराही तोच. शिवाय इथं कायद्याचे दोन खण आहेत. ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिस, मेटारायझियम ही कीडनाशक म्हणून १९६८ च्या कायद्याखाली येतात, मायकोरायझा खत म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली. एकाच मुळीवर राहणाऱ्यांच्या दोन फायली, दोन निरीक्षक, आणि तक्रार घेऊन गेलं की "आमच्याकडे नाही, तिकडे जा." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ट्रायकोडर्माच्या एक ग्रॅम पावडरीत किमान २० लाख जिवंत कण असले पाहिजेत, असं प्रमाण आहे. कारखान्यातून निघताना असतीलही. पण ती पावडर एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडलेली असते. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा, पत्र्याखाली किती होत असेल ते तिथं उभं राहून बघा. पोलिओचा डोस बर्फाच्या पेटीतून गल्लीत यायचा, कारण सरकारला माहीत होतं की आत जिवंत काहीतरी आहे. आपल्या शेतात जाणारा जिवंत डोस मात्र सिमेंटच्या पोत्यासारखा थप्पीला लागतो. मग शेतकरी म्हणतो, "जैविक वापरून बघितलं, काही फरक नाही." फरक कसा पडेल? तू बुरशी सोडलीच नाहीस बाबा, शंखजिऱ्याची भुकटी सोडलीस.

याचा सगळ्यात मोठा तोटा पैशाचा नाही. चांगल्या गोष्टीवरचा विश्वास उडाला, हा आहे. जो शेतकरी एकदा फसला तो पुढची दहा वर्षं ट्रायकोडर्माचं नाव काढू देत नाही. जे दोन-चार उत्पादक, विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं खरा जिवंत माल देतात, तेही त्यात भरडले जातात.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द. जे म्हणतात की सगळं सोडा, फक्त जीवामृत ओता, बाकी निसर्ग बघून घेईल. राग मानू नका, पण गाठींनी भरलेल्या सात वर्षांच्या बागेला कुठलीही बुरशी एका बहारात उभी करत नाही. मित्रबुरशी हे राखणीचं काम आहे. चोर घरात शिरून तिजोरी फोडून बसल्यावर राखणदार नेमून उपयोग नसतो. जिथं प्रादुर्भाव जास्त आहे तिथं रासायनिक सूत्रकृमीनाशकही लागेल. ते लेबल वाचून, तज्ज्ञाला विचारून वापरा आणि नंतर योग्य अंतराने बुरशी द्या. सेंद्रियच्या नावाने भाबडी आशा विकणारा आणि लिंकिंगवाला यांच्यात फरक एवढाच, की पहिला बिल देत नाही.

मग राखणदार नेमायचा कधी? रोप पिशवीत असताना. सूत्रकृमी आपल्या रानात मुख्यतः कुठून येतात? रोपाच्या पिशवीतल्या मातीतून. गुटीला मुळ्या फुटल्या, पिशवीत कुठली तरी माती भरली, ट्रक भरून गाव ते गाव गेला. माळरानावर, जिथं कधी डाळिंब नव्हतं, तिथंही पहिल्याच बहाराला गाठी का दिसतात, याचं उत्तर त्या पिशवीत आहे. त्याच पिशवीत निर्जंतुक केलेली माती आणि जिवंत मायकोरायझा-ट्रायकोडर्मा असती, तर मुळीची जागा आधीच भरलेली असती. एका रोपाला चिमूटभर बुरशी पुरते. झाड मोठं झाल्यावर एकराला किलोने ओतूनही ती जागा मिळत नाही.

फळरोपवाटिकांसाठी या राज्यात १९६९ पासून कायदा आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या सोलापुरात आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणारी माणसं आहेत. म्हणजे ज्ञान परदेशातून आणायचं नाही, जिल्ह्याच्या आत-बाहेर उपलब्ध आहे. अडलंय ते पिशवीपर्यंत पोचण्यात.

आणि सरकारचा लाडका कागद, मृद आरोग्य पत्रिका. २०१५ पासून वाटप सुरू आहे. त्यात बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. चांगलंच आहे. पण नाव "आरोग्य" पत्रिका आणि मातीत जिवंत काय आहे, याचा एक रकाना नाही! मित्र नाही, शत्रूही नाही. माणसाच्या रक्तातलं लोह आणि मीठ मोजायचं, नाडी मात्र बघायचीच नाही, अशी ही तपासणी. डाळिंबाच्या, टोमॅटोच्या, आल्याच्या, शेडनेटच्या पट्ट्यात सूत्रकृमींची मोजणी नसलेल्या कार्डाला आरोग्याचा कागद म्हणायचं कसं?

म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो. आमदार, खासदार, कृषी अधिकारी, ज्यांच्या कुणाच्या वाचनात येईल त्यांनी वाचावं.

१. परवानाधारक रोपवाटिकेतून निघणाऱ्या प्रत्येक लॉटची सूत्रकृमी तपासणी व्हावी आणि दाखला रोपाच्या बिलाला जोडावा. अनुदानाच्या फळबागेला हा दाखला नसलेलं रोप चालणार नाही, असा नियम करा. बाजार आपोआप सुधारेल.

२. जैविक मालाची तपासणी कारखान्याच्या दारात नको, दुकानाच्या कपाटातून नमुने घ्या, तेही मे महिन्यात. जिवंत कणांचे निकाल कंपनी आणि लॉट नंबरसह तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लावा.

३. डाळिंब, ऊस, भाजीपाला पट्ट्यात तालुक्याला एक सूत्रकृमी तपासणी केंद्र द्या. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. चाळण्या, सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला एक माणूस पुरतो.

४. लिंकिंगची तक्रार घेणाऱ्याचं नाव आणि हुद्दा प्रत्येक दुकानात लागू द्या, आणि कारवाई दुकानदारावर थांबवू नका.

आणि आपण? आपल्यालाही करण्यासारखं आहे. रोप घेताना एक पिशवी फाडून मुळी बघा, विकणारा चिडला तर चिडू दे. माती परीक्षणात स्फुरद भरपूर असेल तर पोतं कमी करा. ट्रायकोडर्मा थेट ओतण्यापेक्षा चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत पंधरा दिवस झाकून ठेवा, मग मुळीजवळ द्या. बुरशीला ओल लागते, सावली लागते, खायला कुजलेला पालापाचोळा लागतो. भर उन्हात तापलेल्या उघड्या बोदावर ती टिकणार नाही. आच्छादन करा. नवीन लागणीआधी त्या रानात एक हंगाम झेंडू घ्या, त्याच्या मुळ्या सूत्रकृमींना मानवत नाहीत आणि दसऱ्याला चार पैसेही होतील. पाकीट घेताना तारीख बघा, दुकानदाराला विचारा, "हे ठेवलं कुठं होतं?" या एका प्रश्नाने निम्मा बाजार घाबरेल.

उरलेला निम्मा घाबरायला दहा गावांनी एकत्र विचारावं लागेल. या खरिपात लिंकिंगची बॅग गळ्यात पडली तर तिचा फोटो, लॉट नंबर आणि बिल जपून ठेवा. एकट्याची तक्रार टेबलाखाली जाते. शंभर बिलं एकत्र घेऊन तालुक्याला जाऊ, मग बघू कुणाला खुर्ची सोडून उठावं लागतं ते.